वीणेचा पहारा

पवन मावळातल्या एका पॉलीहाऊसच्या मालकाला गुलाबाच्या वाफ्यांत आठ ठिकाणचं तापमान हवं होतं. छताजवळ वेगळं, ओल्या पॅडजवळ वेगळं, दाराशी वेगळं. पंखे आणि फॉगर चालवणारा अर्डुइनो तिथे आधीपासून होता, पण त्याचा एकच अॅनालॉग पाय मोकळा उरला होता. आठ सेन्सर आणि आत यायला वाट एक. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी हे काम प्रकल्प म्हणून घेतलं आणि पहिल्या दिवशीच त्यांच्यात वाद लागला.

मी कामशेतला राहतो. नोकरीची सगळी वर्षं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली आणि जाणं-येणं लोणावळा-पुणे लोकलनं. घर वारकऱ्यांचं. गळ्यात माळ आणि हातात सोल्डरिंगची बंदूक यांत मला कधी विसंगती वाटली नाही. उलट एक प्रश्न दोन्हीकडून माझ्याकडे आला आणि अजून सोडून गेलेला नाही. अनेकांचं एक होतं, असं आपण कीर्तनात ऐकतो, तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत वाचतो. ते होतं म्हणजे नेमकं काय होतं? त्या एकात अनेकांचं पुढे काय राहतं? फळ्यावर सर्किट काढायला घेतलं की हा प्रश्न मोघम ठेवता येत नाही, कारण तिथे तार कुठून कुठे जाते ते दाखवावंच लागतं.

आठ तारा एकीवर आणायचे मुख्य मार्ग तीन. पहिला बेरजेचा. आठही तारा सारख्या किमतीच्या रेझिस्टरमधून एका बिंदूवर जोडा, तिथे आठांची सरासरी मिळते. सर्किट सोपं, खर्च जवळजवळ शून्य. पण आलेल्या आकड्यातून आठ आकडे परत काढता येत नाहीत. छताजवळचा वाफा करपत असला तरी सरासरी ठीकच दिसणार. दुसरा मार्ग प्रायॉरिटी एन्कोडरचा. ७४१४८ ही त्यासाठीची जुनी आयसी. आठ तारा आत, तीन बिटांचा आकडा बाहेर. यात सात नंबरची तार सगळ्यांत मोठ्या मानाची. ती जागी असली की खालच्या सातांनी कितीही ओरडलं तरी बाहेर सातच येणार. धोक्याच्या घंटेसाठी हे सर्किट उत्तम, कारण आग लागली असताना दाराची बेल कुणी ऐकायची नसते. तिसरा मार्ग मल्टिप्लेक्सरचा, म्हणजे पाळीचा. ४०५१ या आयसीत आठ वाटा एका वाटेला मिळतात, पण एका वेळी एकच उघडी असते. कुठली उघडायची ते तीन सिलेक्ट लाइन सांगतात. पाळी पुरेशा वेगानं फिरली तर आठांपैकी कुणाचंच म्हणणं हरवत नाही, फक्त प्रत्येकाला थांबावं लागतं.

मुलांनी तिसरा मार्ग धरला. माझं मनही त्याच मार्गावर बसलं आहे, पण गुलाबापेक्षा वेगळ्या कारणासाठी.

अद्वैत समजावताना पाण्यात विरघळलेल्या मिठाचं उदाहरण देण्याची आपल्याकडे रीत आहे. उदाहरण थोर आहे, उपनिषदातलं आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्यातून पुष्कळदा बेरजेचं सर्किट उभं राहतं: सगळं मिसळलं, आता वेगळं काही उरलं नाही. भक्तांना हे पुरत नाही. वारकरी संतांनी एकत्व मानलं आणि तरी देव आणि भक्त ही जोडी मोडू दिली नाही. प्रेमाला दोघं लागतात. म्हणजे त्यांना असं एकत्व हवं होतं ज्यातून अनेक परत मिळतील. बेरजेतून ते मिळत नाहीत, पाळीतून मिळतात. माझा हा विचार पक्का झाला तो न्यायशास्त्र वाचताना.

गौतमाच्या न्यायसूत्रांत पहिल्याच अध्यायात मनाची खूण सांगितली आहे, आणि ती मला आजही थक्क करते. मन असतं कशावरून? तर अनेक ज्ञानं एकाच क्षणी उत्पन्न होत नाहीत यावरून. नैयायिकांचा आत्मा सर्वव्यापी आहे. डोळ्यासमोर रूप आहे, कानाशी आवाज आहे, नाकाशी वास आहे, आणि आत्मा सगळीकडे आहेच. मग सगळी ज्ञानं एकदम व्हायला हवीत. होत नाहीत. तेव्हा मध्ये काहीतरी अगदी लहान असं असलं पाहिजे, जे एका वेळी एकाच इंद्रियाला जोडलं जातं. ते मन. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातही मन अणू आहे आणि प्रत्येक आत्म्यामागे एक आहे. आठल्ये आणि बोडस यांची इंग्रजी टिपांची आवृत्ती आणि भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ ही दोन पुस्तकं माझ्या टेबलावर डेटाबुकांच्या शेजारी असतात. ‘न्यायकोशा’ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९२८ साली काढली.

गौतमाचा हा युक्तिवाद म्हणजे इंजिनिअरचं अनुमान आहे. बंद पेटी समोर आहे, आत आठ तारा जाताना दिसतात, बाहेर एका तारेवर माहिती एकामागून एक येते. झाकण न उघडता आपण म्हणतो, आत मल्टिप्लेक्सर आहे. मनाची पेटी उघडायची सोय नसताना त्या माणसानं बाहेरच्या तारेवरून आतलं सर्किट ओळखलं.

यावर आक्षेपही जुनेच आहेत आणि फार चविष्ट आहेत. चकलीच्या जातीचा लांब, कुरकुरीत तळलेला पदार्थ खाणारा माणूस विरोधकांनी पुढे केला. तो तुकडा त्याला दिसतोय, त्याचा कुर्रकुर्र आवाज येतोय, वास येतोय, चव लागतेय, जिभेला खरखर जाणवतेय. पाचही एकदम! नैयायिक म्हणतात, एकदम नाही, फार भरभर. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई आरपार घातली तर सगळ्या एका क्षणात टोचल्यासारख्या वाटतात, पण सुई पहिलीतून गेल्याशिवाय दुसरीत जात नाही. सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात याच मुद्द्याला अलातचक्राचा दाखला आहे. जळतं कोलीत गरगर फिरवलं की आगीचं वर्तुळ दिसतं. वर्तुळ कुठेच नसतं.

माझ्या प्रयोगशाळेत अलातचक्र दर वर्षी व्हायचं. चार आकडी सेव्हन सेगमेंट डिस्प्लेत एका वेळी एकच आकडा पेटलेला असतो. मल्टिप्लेक्सिंगच्या वेगामुळे चारही स्थिर दिसतात. ५५५ टायमरवरचं पॉट, म्हणजे वेग बदलायची खुंटी, फिरवत फिरवत मी वेग कमी करायचो. आधी आकडे थरथरायला लागत, मग लुकलुकत, आणि शेवटी दोन, मग शून्य, मग एक, मग नऊ असे एकेकटे उजेडात येऊन जात. मुलं गप्प होत. डोळ्यांनी इतका वेळ सांगितलेलं खोटं होतं, हे त्या वेळी कळतं. ध्यानाला बसणाऱ्या माणसाला याहून वेगळं काय करायचं असतं, असं मला वाटतं. तोही पॉट फिरवतो. वेग कमी करतो. मग ‘मी सतत काळजीत आहे’ असं वाटणारं अखंड वर्तुळ तुटतं आणि एक काळजी, मग पंख्याचा आवाज, मग पायाची रग, मग दुसरी काळजी असं एकेक दिसू लागतं.

नैयायिकांना विरोध करणारे खूप होते. सांख्यकारिकेत इंद्रिय, मन, अहंकार आणि बुद्धी यांचं काम एकदमही होतं आणि क्रमानंही होतं, असं दोन्ही मान्य आहे. पण मला जवळचा वाटतो तो वाद आमच्या मावळाशी नातं असलेला. कामशेतच्या पुढचं स्टेशन मळवली, तिथून कार्ल्याची लेणी. या लेण्यांचं शिलालेखांतलं नाव वलूरक. तिथल्या एका लेखात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या राज्यवर्षी नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात ‘मामाल’च्या अधिकाऱ्याला आज्ञा आहे, वलूरकच्या महासांघिकांना एक गाव लावून देण्याची. मामाल म्हणजे आपलं मावळ. आता हे महासांघिक कोण? सर्वास्तिवादी पंथाच्या ‘महाविभाषा’ या प्रचंड ग्रंथात त्यांचं एक मत खोडायला घेतलं आहे: दोन चित्तं एकाच वेळी चालू शकतात. हा ग्रंथ आज उरला आहे तो ह्युएन त्संगनं केलेल्या चिनी भाषांतरामुळे, आणि तो प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता. सर्वास्तिवादी एका वेळी एकच चित्त मानत, एक मावळताना दुसऱ्याला जागा करून देतं असं सांगत. महासांघिक म्हणत, दोन सोबत असायला हरकत नाही.

हे वाचल्यापासून कार्ल्याला गेलो की एकवीरेचं दर्शन झाल्यावर मी त्या विहाराच्या भिंतीपाशी थांबतो. एका वेळी एक की दोन, हा प्रश्न इतक्या गंभीरपणे घेणाऱ्या पंथाला डोंगराच्या पोटात घर मिळालं आणि खर्चाला आमच्या मावळातलं गाव मिळालं. भात पिकवणाऱ्यांच्या कष्टावर माणसं असल्या प्रश्नांचा विचार करत बसत होती. मला यात अपव्यय दिसत नाही. तो त्या गावाचा मोठेपणा होता.

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न घड्याळ लावून विचारला. वेलफर्डनं १९५२ साली मांडलं की निर्णय घेण्याची वाट एकपदरी आहे, लागोपाठ दोन खुणा आल्या तर दुसरीला खोळंबावं लागतं. चेरीनं १९५३ साली दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली. माणसं एकच धरू शकली, दुसऱ्या कानातल्याचा अर्थ त्यांना सांगता येईना. आणि मोरेनं १९५९ साली त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं. सुमारे एक-तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. म्हणजे पाळी चालू असतानाही आतल्या बाजूला एक प्रायॉरिटी एन्कोडर पहाऱ्यावर आहे. बाळ जराही कुरकुरलं की आई गाढ झोपेतून उठते आणि त्याच खोलीत वाजणारा रेडिओ तिला उठवत नाही. हे सर्किट देवानं दिलं ते बरंच झालं. घात होतो तो सात नंबरच्या तारेला काय जोडलं आहे त्यावर. ती जागा अपमानाला दिली, की घरी कुणी काही सांगत असलं तरी बाहेर सातच येणार. हल्ली ती जागा खिशातल्या फोनला दिलेली आहे. मला हा आरोग्याचा किंवा शिस्तीचा प्रश्न वाटत नाही, धर्माचाच वाटतो: आपल्या सातव्या तारेवर कोण बसलं आहे?

आता पॉलीहाऊसकडे परत येतो, कारण तिथे जे घडलं ते कुठल्याच पुस्तकात मला इतकं स्वच्छ मिळालं नव्हतं.

मुलांनी सर्किट जोडलं. तिसरा सेन्सर छताजवळच्या उन्हात, चौथा ओल्या पॅडजवळच्या गारव्यात. चौथ्याचं तापमान थर्मामीटरपेक्षा जास्त यायला लागलं. सेन्सर बदलला, तरी तेच. मग एका मुलीनं तिसरा सेन्सर मुठीत धरून गरम केला आणि स्क्रीनवर चौथ्याचा आकडा वर चढला. चौथ्याला कुणी हात लावलेला नव्हता.

कारण आत होतं. व्होल्टेज मोजण्याआधी ते एका छोट्याशा कपॅसिटरवर धरून ठेवलं जातं. अर्डुइनो उनोच्या चिपमध्ये तो १४ पिकोफॅरडचा आहे. एका वाटेवरून दुसरीवर गेल्यावर त्यावर आधीच्या वाटेचा भार शिल्लक असतो. नवी तार तो भार बदलून स्वतःचा बसवते, पण तिला वेळ लागतो. चिप बनवणारे सांगतात की समोरून येणारा रेझिस्टन्स १० किलोओहमच्या आत ठेवा. मुलांचे थर्मिस्टर १०० किलोओहमचे होते, सिग्नल हळू भरत होता, आणि तो पुरता भरायच्या आत मोजमाप उरकलं जात होतं. चौथ्याच्या आकड्यात तिसऱ्याचा उरलेला भार येत होता.

ते बघताना मला घर आठवलं, वर्ग आठवला, लोकलचा डबा आठवला. एका वर्गातला राग पुढच्या वर्गातल्या मुलावर निघतो. मुलगा विचारतो साधी शंका आणि उत्तरात कडवटपणा आधीच्या तासाचा असतो. आपल्या शास्त्रांत याला संस्कार म्हटलं आहे, वासना म्हटलं आहे. शब्द मला लहानपणापासून माहीत होते. तो भार किती पिकोफॅरडवर बसतो ते त्या दिवशी पाहिलं.

यावर मुलांनी दोन उपाय केले आणि दोन्ही लागले. पहिला असा की आठांपैकी शून्य नंबरची वाट सरळ ग्राउंडला जोडली, आणि प्रत्येक सेन्सर वाचण्याआधी एकदा त्या शून्यावर जाऊन यायचं. तिसरा, शून्य, चौथा, शून्य, पाचवा, शून्य. कपॅसिटर प्रत्येक वेळी रिकामा होऊन पुढच्याकडे जातो. नुसत्या एवढ्यानं मोजमाप बिनचूक होत नाही, हे मुलांना नीट समजावं लागलं. भरायला वेळ कमी पडला तर आकडा खोटा येईलच, फक्त तो शेजाऱ्यामुळे खोटा येणार नाही. म्हणून दुसरा उपाय: वाट उघडल्यावर थोडं थांबायचं, भार पुरता बसू द्यायचा, मगच मोजायचं. मालकाला एक सेन्सर कमी मिळाला, आठाचे सात झाले. त्यानं आधी कुरकुर केली. आकडे थर्मामीटरशी जुळल्यावर बोलला नाही.

माझी आजी जातं थांबवून उठताना, चुलीवरचं भांडं उतरवताना, दाराबाहेर पाऊल टाकताना ‘विठ्ठल’ म्हणायची. एका कामाचं दुसरं काम होताना मध्ये ते नाव असायचंच. मी ते लकब समजत होतो. नामस्मरणावर पुष्कळ ऐकलं आहे: नामानं पाप जळतं, नामानं मुक्ती मिळते. त्याला मी नाही म्हणत नाही. पण दोन कामांच्या मधल्या फटीत नाम कशासाठी, हे मला शून्याच्या वाटेनं दाखवलं. आधीच्याचा भार उतरवून पुढच्याकडे जायचं. आणि त्यापुढचा भागही आजीकडे होता: समोर जो आला त्याच्यापाशी ती थांबायची. पाणी मागायला आलेल्या माणसाकडे ती पुरतं बघायची.

एक वाट अशी रिकामी ठेवणं महाग वाटतं. पण जिथे अनेकांना एका वाटेवरून न्यायचं असतं तिथे ही किंमत मोजावीच लागलेली आहे. टेलिफोनच्या पीसीएम पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळाचे ३२ भाग पाडून एकाच जोडीवर अनेक संभाषणं पाळीपाळीनं पाठवतात. आपल्या देशात हीच ३२ भागांची पद्धत आहे. पण बोलणी जातात तीसच. शून्य नंबरच्या भागात ठरावीक खूण असते, जिच्यावरून पलीकडचं यंत्र ओळखतं की फेरी इथे सुरू झाली. सोळावा भाग कोण कुणाशी जोडलं आहे त्यासाठी. ती शून्याची खूण हरवली तर तीसही जण बोलत राहतात, सगळे आवाज पोहोचतात, पण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाईल. जे कुणाचंच बोलणं नाही त्याच्या आधारावर सगळ्यांचं बोलणं ज्याचं त्याला मिळतं. पहाटेचा काकडा आणि संध्याकाळचा हरिपाठ दिवसाच्या फेरीत काय काम करतात, ते मी असं समजून घेतो. त्या वेळात आपण काही कमावत नाही, काही मांडत नाही. तो वेळ काढून टाकला तर दिवस वाचल्यासारखा वाटेल, आणि मग कुठलं काम कुणासाठी होतं त्याची सांगड सुटायला लागेल.

टेलिफोनच्याही आधी, १८७४ साली, एमिल बोदो या फ्रेंच माणसानं तारायंत्रात ही पाळी आणली. एका तारेवर अनेक तारमास्तर. फिरणारा ब्रश ज्याच्या पट्टीवर येईल त्याचं अक्षर जाणार. प्रत्येकाच्या यंत्रातून ठेका यायचा आणि त्या ठेक्यावर पाच कळा दाबायच्या. लवकर दाबल्या तर उपयोग नाही, उशीर झाला तर पाळी गेली. त्या तारमास्तरांना टाळकरी म्हणायला मला आवडेल.

वर्गात हा भाग शिकवताना एक प्रश्न कुठलंतरी पोर विचारायचंच. ‘सर, सिलेक्ट लाइन कोण ठरवतं?’ मल्टिप्लेक्सरच्या आठ तारांपैकी एकही तार स्वतःची पाळी ठरवत नाही. निवड बाहेरून येते. मनाच्या बाबतीत नैयायिक म्हणतात, आत्म्याच्या प्रयत्नानं आणि अदृष्टानं मन हलतं. बौद्धांना असा वेगळा निवडणारा मान्य नाही. मी सर्किटापुरतं उत्तर द्यायचो: काउंटर ठरवतो, तो नुसता मोजतो, शून्य ते सात, पुन्हा शून्य. मनाच्या बाबतीतलं माझं उत्तर मला आमच्या गावच्या सप्ताहात मिळालं.

नाणे मावळात भाताची झोडणी उरकली की गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस, सात रात्री देवापुढे वीणा उभी असते आणि ती खाली टेकत नाही. एक माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही, म्हणून पहारे लावतात. देवळाच्या भिंतीवर यादी लागते: सहा ते आठ अमका, आठ ते दहा तमका, रात्री दोन ते चार आणखी कुणी. दोन तास वीणा गळ्यात, हातात चिपळ्या, मुखी रामकृष्णहरी. ज्याच्या घरचा बैल आजारी आहे तोही येतो, ज्याचा शेताच्या बांधावरून कोर्टात दावा चालू आहे तोही येतो, आणि दाव्यातल्या दुसऱ्या बाजूचा माणूस त्याच्या हातून वीणा घेतो. आमच्या यादीत बायकांची नावं आता लागतात, दिवसाच्या पहाऱ्यांना. रात्रीचेही पहारे त्यांना मिळायला हवेत असं माझं मत आहे आणि ते मी बैठकीत मांडलं आहे.

रात्री दोन वाजता अंथरुणातून उठणारा माणूस त्या वेळी काही निवडत नाही. झोप म्हणते पड, थंडी म्हणते पड. त्या क्षणी निवडायला बसला तर झोपेची तार सात नंबरला आहे, तीच जिंकणार. पण निवड आधीच झालेली असते, भर दुपारी, देवळाच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, यादी करताना. दोन वाजता फक्त काउंटर फिरतो आणि त्याचं नाव येतं. धर्मात नियमाला इतकं महत्त्व का, याचं मला पटलेलं कारण हे आहे. इच्छा मोकळी असते ती यादी करताना. त्या वेळी आपण कुणाकुणाला पाळी दिली, कुणाचं नाव राहिलं, कुणाला नेहमी रात्रीचाच पहारा दिला, यावर आपली परीक्षा होते. पुढचे सात दिवस ती यादी आपल्याला चालवते.

पंढरीची कथाही मला याच अंगानं दिसते. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता आणि दारात देव आला. कुठल्याही प्रायॉरिटी एन्कोडरमध्ये देवाची तार सात नंबरची असायला हवी. पुंडलिकानं हातातलं काम तोडलं नाही. पाय चेपता चेपता देवाशी अर्धवट बोलला, असंही केलं नाही, म्हणजे बेरीजही केली नाही. त्यानं वीट टाकली आणि थांबायला सांगितलं. आणि देवानं पाळी मान्य केली. अठ्ठावीस युगं आपण त्या थांबण्याचीच पूजा करतो आहोत. आपल्या मनाची वाट अरुंद आहे, एका वेळी एकच मावतं, ही गोष्ट लाज वाटण्यासारखी असती तर देव असा विटेवर उभा राहिला नसता. एका वेळी एकाचाच होऊ शकणारा माणूस त्या एकाचा पुरता होऊ शकतो, एवढं त्यानं पाहिलं असावं.

एक तांत्रिक मुद्दा उरतो आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ४०५१ मध्ये जुनी वाट आधी तुटते, मग नवी जोडली जाते. मध्ये क्षणभर कुणीच जोडलेलं नसतं. हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर दोन तारा एकमेकींना भिडतील. वीणेचं उलटं आहे. पुढचा माणूस येतो, वीणेला नमस्कार करतो, हात घालतो, आणि त्याची पकड बसल्यावरच आधीचा सोडतो. मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. मध्ये एक क्षण असा असतो की वीणा दोघांच्या हातात आहे.

त्या क्षणी वीणेकरी कोण? सर्वास्तिवादी दोघांना मान्यता देणार नाहीत. कार्ल्याचे महासांघिक म्हणतील, दोन असू देत. नैयायिकांचं उत्तर बारीक आहे. त्यांनी दोन ज्ञानं एकदम उत्पन्न होणं नाकारलं आहे, एकत्र असणं नाकारलेलं नाही. जुनं ज्ञान मावळण्याच्या क्षणी नव्याबरोबर असू शकतं, नवंच त्याला मावळवतं. म्हणजे सुरुवात एका वेळी एकाचीच, पण निरोप घेणाऱ्याला येणाऱ्याची भेट घडते. माझं मत नैयायिकांकडे आहे. पहारा देताना मी ते अनुभवानं तपासलं आहे: हात दोघांचे असतात, पण नाम त्या वेळी जाणाऱ्याच्या तोंडी संपत आलेलं असतं आणि येणाऱ्याच्या तोंडी सुरू झालेलं असतं. दोघं एकदम सुरू करत नाहीत. आमच्या गावचे एक म्हातारे अण्णा, ज्यांनी माझ्याहून कितीतरी जास्त पहारे केले आहेत, त्यांना हे मान्य नाही. ते म्हणतात, मास्तर, त्या वेळी दोघांपैकी कुणीच म्हणत नसतो, वीणा म्हणते. यंदा त्यांचा पहारा पहाटे चार ते सहा आहे आणि त्यांच्या आधी दोन ते चार माझा.